पंख्यावर खापर

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की महाराष्ट्रातला माणूस आपोआप वेग कमी करतो. मदतीला थांबेलच असं नाही. पण काच खाली करून निदान मात्र करतो. “कूलंट संपलं असणार!” एवढं सांगून तो पुढे जातो. मागून येणारा स्कूटरवाला हेल्मेट न काढताच वाकून पाहतो आणि “हेड गॅस्केट गेलं” असा निकाल देतो. तिसरा रेडिएटर बदलायला सांगतो, चौथा गाडीच बदलायला. गाडीचे मालक तोवर एका हाताने बॉनेटचा टेकू सांभाळत वाफेकडे पाहत असतात, आणि मागच्या सीटवरचे सासरेबुवा “आमची फियाट कधी तापली नाही हो” हे वाक्य टाकायला योग्य जागा शोधत असतात.

“पंखा फिरतोय का?” हा प्रश्न फार तर पाचवा-सहावा माणूस विचारतो. तो बहुधा रिक्षावाला असतो, ज्याच्या स्वतःच्या रिक्षाला रेडिएटरच नसतो.

पंख्याची ही उपेक्षा समजण्यासारखी आहे, कारण त्याचं काम दिसतच नाही. पेट्रोल जाळून जेवढी ऊर्जा निघते, त्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडतो. हे पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं, तर इंजिन खूश असतं. जास्तीची उष्णता रेडिएटरच्या बारीक जाळीतून हवेत सोडायची असते. गाडी ६०-७०च्या वेगाने पळत असली, की समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो आणि पंखा झोपा काढतो. त्याची खरी ड्यूटी असते सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत आणि घाटात, मालट्रकच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये रांगताना.

म्हणून गाडी कुठे तापते, हे आधी पाहावं. हायवेवर गार आणि गर्दीत गरम, तर संशय पंख्यावर. गर्दीत ठीक आणि हायवेवर चढताना गरम, तर पंख्याला सोडा आणि तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप तपासा. एवढी एक चौकशी केली तरी रस्त्यावरच्या निम्म्या तज्ज्ञांना घरी पाठवता येतं.

त्रास नवा नाही. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार आणि दोन मुलगे घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरएक किलोमीटरचा रस्ता होता. त्या मोटारीत इंजिनाचं पाणी वाफ होऊनच थंडावा द्यायचं, त्यामुळे बाई वाटेतल्या विहिरी, ओढे, जिथे मिळेल तिथून पाणी भरत गेल्या. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. त्या वेळी सल्ला देण्याइतकं मोटारीचं ज्ञान त्यांच्या नवऱ्याखेरीज जगात फारसं कोणाला नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळपर्यंत पोहोचल्या. पुढे बारा-तेरा वर्षांनी विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्याच्या मागे एक पंखाही बसवला, कारण गाडी हळू चालली की वारा कमी पडतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणजे कोथरूडच्या सिग्नलवरची अडचण श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात १९०१ सालीच ठाऊक होती.

आता सासरेबुवांच्या फियाटबद्दल. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी घाटात तापत नव्हती, असं म्हणणं हा स्मरणशक्तीचा चमत्कार आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोली सोडली, की वळणावळणावर बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटी दिसायच्या. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं आणि रेडिएटरला पाणी, हे दोन्ही दिल्याशिवाय खंडाळा येत नसे. डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. तापलेली गाडी गार होईपर्यंत सतरंजी पसरून डबे उघडले जायचे, आणि मुलांना हीच सहल वाटायची. आज सासरेबुवांना ती सहल आठवते आणि तिचं कारण आठवत नाही.

त्या फियाटचा आणि तिच्या बहिणीचा, अ‍ॅम्बॅसडरचा, पंखा पट्ट्यावर चालायचा. इंजिन फिरलं की तोही फिरणारच. ना फ्यूज, ना रिले, ना सेन्सर. बिघडायला जागाच थोडी. पण त्यात एक वेडेपणा होता. गाडी भरधाव असताना, म्हणजे पंख्याची गरज नसताना, तो जीव तोडून फिरायचा. आणि गाडी गर्दीत उभी राहिली, की इंजिनाबरोबर तोही मंदावायचा. नेमका तेव्हाच तो हवा असे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या घरात विजेचा पंखा शिरला. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पुलीचं तोंड रेडिएटरकडे नसून चाकाकडे. पट्ट्याने पंखा फिरवायची सोयच राहिली नाही. मग पंख्याला स्वतंत्र मोटार दिली आणि हवं तेव्हाच फिरायचं, असा नियम घालून दिला. नियम आला की अंमलबजावणी आली, आणि अंमलबजावणी आली की कार्यालय.

या कार्यालयाचं आजचं रूप नीट समजून घ्यावं. पाणी किती तापलं याची नोंद सेन्सर करतो. ती नोंद गाडीच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीएमकडे जाते. पाणी साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान पोहोचलं, की साहेब मंजुरी देतात. मंजुरी रिलेकडे येते, तो ‘टक्’ असा शिक्का मारतो. मग ३० किंवा ४० अँपिअरच्या फ्यूजमधून करंट निघतो, वायरिंगच्या टेबलावरून पुढे सरकतो आणि शेवटी पंख्यापाशी येतो. पंखा हा या कार्यालयातला शिपाई. कागद हातात आला की तो निमूट उठतो. नाही आला तर स्टुलावर बसून राहतो. कागद वर कुठल्या टेबलावर अडकलाय, हे त्याला ठाऊक नसतं. पण बाहेर ताटकळलेली जनता ओरडते ती त्याच्यावरच, आणि बऱ्याचदा निलंबनही त्याचंच होतं. नवी मोटार बसते, बिल होतं, आणि पुढच्या घाटात नवा शिपाईही स्टुलावर बसलेला आढळतो.

शिपाई कामाचा आहे की नाही, हे पाहायची सोपी युक्ती आहे. इंजिन चालू करून एसी लावा. एसीचं कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतं आणि त्यालाही हवा लागते, म्हणून बहुतेक गाड्यांत एसी सुरू झाला की पाण्याचं तापमान न विचारता पंख्याला हुकूम सुटतो. काही गाड्यांत दोन पंखे असतात, तिथे कोणता फिरला तेवढं पाहावं. एसीवर पंखा फिरला, तर मोटार ठीक, फ्यूज ठीक, बरीचशी वायरिंगही ठीक. मग दोष सेन्सरमध्ये, त्याच्या कनेक्टरमध्ये, नाहीतर पाणीच इतकं कमी की सेन्सर बिचारा कोरड्या हवेत लटकून ‘सर्व काही आलबेल’ असा अहवाल पाठवतोय.

याच एसीमुळे घाटात एक गमतीशीर अपघात वारंवार घडतो. मे महिन्यात मुंबईहून नाशिकला निघालेलं एखादं कुटुंब डोळ्यांपुढे आणा. गाडीतला पंख्याचा सेन्सर महिन्याभरापूर्वीच मेलेला आहे, पण ते कोणालाच माहीत नाही. कारण उन्हाळ्यात एसी सतत चालू, आणि एसीमुळे पंखाही चालू. भिवंडी, शहापूर, खर्डी सगळं सुखरूप पार पडतं. कसारा घाट सुरू होतो आणि सासरेबुवा पुढे वाकून म्हणतात, “जावईबापू, घाटात एसी बंद ठेवायचा असतो. इंजिनावर लोड येतो.” सल्ला शास्त्रशुद्ध आहे. एसीचा भार इंजिनावर पडतो, हे खरंच. जावई आज्ञाधारकपणे एसी बंद करतात. त्याच क्षणी पंख्याला मिळणारा एकमेव हुकूमही बंद होतो. दहा मिनिटांत लाल दिवा लागतो आणि सासरेबुवांना फियाट आठवते.

लाल दिव्याचीही एक कथा आहे. पूर्वी डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असायचा आणि घाटात वडील रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहायचे. आता अनेक छोट्या गाड्यांतून काटाच गेलाय. इंजिन गार असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल. मधल्या काळात काही नाही. ज्यांत काटा उरलाय, त्यांतही तो बऱ्याचदा मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो, तापमान थोडंफार खाली-वर झालं तरी हलत नाही. गिऱ्हाईक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला येऊ नये, हा त्यामागचा कनवाळू हेतू. परिणामी आता गिऱ्हाईक घाबरतं ते एकदमच.

एसी लावूनही पंखा हलला नाही, तर फ्यूज पाहायचा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा याचं चित्र असतं. ते वाचण्यासाठी तरुण डोळे बरोबर असावेत. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. इथे आपल्याकडे अनेकांतला संशोधक जागा होतो. कोणी ३०च्या जागी ६०चा ठोकतो, कोणी तांब्याची तार गुंडाळतो आणि कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज यानंतर कधीच जात नाही हे खरं. त्याच्याऐवजी वायरिंग जाते, आणि क्वचित प्रसंगी गाडी.

नंतर रिले. अनेक गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून पाहता येते. पंखा फिरू लागला तर जुना रिले दोषी. या प्रयोगाला मालक सहसा राजी होत नाहीत, कारण तेवढ्या वेळात हॉर्न बंद राहतो, आणि हॉर्नशिवाय गाडी चालते यावर आपला विश्वास नाही. शेवटी पंख्याचा कनेक्टर काढून मोटारीला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट देऊन पाहायचं. तेव्हाही फिरली नाही, तर मात्र मोटार खरोखर गेली. कधीकधी पान्याने हलकेच ठोकल्यावर ती दचकून सुरू होते. आतले कार्बन ब्रश झिजलेत, एवढाच त्याचा अर्थ. घरी पोहोचण्यापुरती सवलत मिळाली आहे, माफी नव्हे.

याशिवाय स्थानिक कारणं आहेत. कोकणात खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट बुरशी चढते आणि अर्थिंगचा बोल्ट गंजतो. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की मोटारीत चिखल जातो आणि दिवाळीच्या सुमारास बेअरिंग किंचाळायला लागतं. उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचट आणि धूळ बसते. आणि सर्वत्र उंदीर आहेत. पावसाळ्यात त्यांना इंजिनाच्या उबेत राहायला आवडतं, जाताना ते सेन्सरची वायर खाऊन जातात. त्यावर डांबरगोळ्या आणि तंबाखूची पानं असे दोन उपाय सोसायट्यांत प्रचलित आहेत. तंबाखूच्या पानांवर बसलेला उंदीर पाहिल्याचं सांगणारेही त्याच सोसायट्यांत भेटतात.

इतकं सगळं मालकाने स्वतः पाहावं अशी अपेक्षा नाही. तो गॅरेजमध्ये जातो, आणि तिथे श्रमविभागणी आडवी येते. मेकॅनिक म्हणतो, “साहेब, हे वायरमनचं काम.” वायरमन मीटर लावतो, करंट येतोय म्हणतो आणि “रेडिएटरवाल्याकडे दाखवा” सांगतो. रेडिएटरवाला रेडिएटर उतरवतो, आत साचलेला पांढरा क्षार दाखवतो आणि “बोअरचं पाणी टाकता ना?” असं अशा स्वरात विचारतो, की मालक मान खाली घालतो. तिघांचंही म्हणणं खोटं नसतं. क्षार खरोखर असतो, करंट त्या क्षणी खरोखर येत असतो. फक्त गाडी तापलेली असताना, पंखा फिरायला हवा त्या वेळी, तिघांपैकी एकानेही ती पाहिलेली नसते. गॅरेजला पोहोचेपर्यंत ती गार झालेली असते.

मग निघतो तो अखिल भारतीय तोडगा: “डायरेक्ट करून देऊ का?” सेन्सर, साहेब, शिक्का सगळं वगळून पंखा सरळ चावीवर जोडायचा, म्हणजे इंजिन चालू तोवर पंखा चालू. किंवा डॅशबोर्डखाली, गणपतीच्या खालच्या बाजूला, एक बटण बसवायचं. ही गाडी पुढे विकली जाते तेव्हा बटणाची माहिती कागदपत्रांत नसते. नवा मालक ते फॉग लॅम्पचं समजतो, दोन-तीनदा दाबून पाहतो, समोर उजेड पडत नाही म्हणून बंद करून टाकतो आणि माळशेज पाहायला निघतो.

याच्या जोडीला “थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे त्याची गरज नाही” हे दुसरं औषध. थर्मोस्टॅटची झडप ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडते, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला आणि पंखाही डायरेक्ट केला, की थंडीत महाबळेश्वरला इंजिन धड तापतच नाही. पेट्रोल जास्त खातं. मग मालक मायलेजची तक्रार घेऊन त्याच गॅरेजला येतो.

मोटार बदलताना वायरी उलट्या लागण्याचा प्रकारही घडतो. डीसी मोटार निमूटपणे उलटी फिरते. पंखा दिसायला व्यवस्थित चालू. पण मागची हवा पुढे ढकलतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झोंबी घेतो. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याची दिशा तपासायला मीटर लागत नाही. गाडी उभी असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरावं. चिकटलं तर दिशा बरोबर, उडालं तर वायरमनला फोन.

उलट बाजूची घबराटही असते. गाडी बंद करून मालक लिफ्टपाशी पोहोचतात, तोच वॉचमन धावत येतो, “काका, गाडी चालूच राहिलीय!” काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही दोन-चार मिनिटं पंखा फिरतो, ते ठरवून केलेलं असतं, आणि म्हणूनच बंद गाडीच्या पंख्यातही बोट घालू नये. पण तो रात्रभर फिरला, तर रिलेचे पॉइंट चिकटलेत आणि सकाळी धक्का मारायला माणसं लागणार आहेत. इंजिन चालू केल्याबरोबर पंखा पूर्ण वेगाने घोंगावू लागला, तर बऱ्याच नव्या गाड्यांत त्याचा अर्थ सेन्सर तुटला असा निघतो; माहितीच येईना, म्हणून साहेबांनी सर्वात वाईट गृहीत धरून हुकूम सोडला. हे कळलं की रस्त्यात अडकलेल्याला एक पळवाटही सापडते: अशा गाडीत सेन्सरचा कनेक्टर काढला, की पंखा आपणहून सुरू होतो आणि गॅरेज गाठता येतं.

घरगुती उपायांत हळदीचा मान पहिला. रेडिएटर गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकावी, असं जीप-ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, आणि बारीक भेगेत ती फुगून बसते, गळती थांबतेही. पण हळदीला भेग कोणती आणि रेडिएटरची नळी कोणती यातला फरक कळत नाही.

एका बाबतीत मात्र गंमत पुरे. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. त्या झाकणाने आत हवेच्या दाबापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब धरलेला असतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, आतलं पाणी एका क्षणात उकळून फवाऱ्यासारखं बाहेर येतं आणि चेहरा, हात भाजतात. “फडकं धरून उघडलं की काही होत नाही” असं सांगणारे काका प्रत्येक घाटात असतात. त्यांना दोन पावलं मागे उभं करावं. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणीही ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. लाल दिवा लागल्यावर “समोरच्या ढाब्यापर्यंत जाऊ” हा हिशेब सर्वात महाग पडतो, कारण तेवढ्या अंतरात हेड वाकतं, गॅस्केट जळतं, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं. गाडी बाजूला घ्यावी. तेवढंही शक्य नसेल, तर काचा खाली करून हीटर पूर्ण लावावा. हीटरचा छोटा रेडिएटर थोडी उष्णता आत, माणसांच्या अंगावर सोडतो. मे महिन्यात कसाऱ्याच्या चढावर हीटर लावून बसलेलं कुटुंब पाहून शेजारच्या गाडीतले हसतात. हसू द्यावं.

पुढच्या सहलीच्या आधी एखाद्या रविवारी, घाटाऐवजी सोसायटीच्या पार्किंगमध्येच हे करून पाहा. इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, ते बघा. मग ओढणी, बाह्या आणि नातवंडं दूर ठेवून इंजिन सुरू करा, एसी लावा आणि पंख्याचा आवाज ऐका. नंतर एसी बंद करून थांबा. पंधरा-वीस मिनिटांत तो स्वतःहून पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळाने स्वतःहून थांबला, तर बॉनेट लावा आणि खुशाल निघा. नाही झाला, तर इंजिन बंद करा आणि नवी मोटार विकत घेण्याआधी सेन्सरची वायर उंदराने खाल्ली नाही ना, एवढं पाहा.